धाकटीच्या मरणाची कार्डं

साल १९५८, दिवाळीची सुट्टी संपत आलेली, सोमवार. ठिकाण अमरावती, एका डॉक्टरांची तपासणीची खोली. हजर माणसं चार: डॉक्टर, माझे दीर, माझी धाकटी जाऊ आणि मी. टेबलावर काचेच्या बरणीत धाकटीच्या मांडीतून काढलेली गाठ होती. त्या गाठीला हजर धरायचं की नाही, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मी अकोल्याला जुन्या शहरात मुलींच्या शाळेत शिकवते. हजेरी घेतल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, आणि घरचं कामही मी यादी केल्याशिवाय करत नाही. आमचं घर मुळात वलगावचं. काळी जमीन, दोन बैलजोड्या, आणि सगळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या सासूबाई. माझे यजमान आणि दीर दोघेही अकोल्यात नोकरीला, यजमान फिरतीच्या खात्यात, दीर एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. आम्ही चौघं एकाच बिऱ्हाडात राहत होतो. धाकटीचं माहेर परतवाड्याचं. ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. मला ती ‘बाई’ म्हणायची आणि माझ्या पुस्तकी बोलण्याची नक्कल करून शेजारणींना हसवायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या डाव्या मांडीत लिंबाएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही. पोळ्यापर्यंत ती कवठाएवढी झाली आणि लुगड्याचा काष्टा नीट बसेना, तेव्हा मला कळलं. अमरावतीला शस्त्रक्रिया झाली. सर्जननी सांगितलं की गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती, जेवढी निघाली तेवढी काढली, थोडी आत राहिली. काढलेला भाग तपासायला या डॉक्टरांकडे आला. हे तरुण होते, मुंबईला शिकून आलेले. औषध देणं हे त्यांचं काम नव्हतं. काढलेलं मांस तपासणं हे त्यांचं काम.

त्यांनी दिरांकडे आणि माझ्याकडे पाहत हळू आवाजात सांगितलं की हा मांसातला कॅन्सर आहे, याला सार्कोमा म्हणतात. धाकटी स्टुलावर बसली होती. तिच्या कानावर जाऊ नये असं त्यांना वाटत असावं, पण खोली लहान होती.

“त्याच्यानं मानूस मरते का?” तिने विचारलं.

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पुष्कळदा मरतो, म्हणाले. गाठ परत येते, बहुधा वर्षा-दोन वर्षांत. मग ते सूक्ष्मदर्शकात डोळा घालून काही पाहू लागले, आणि मला वाटलं, तिच्याकडे पाहावं लागू नये म्हणूनच. पण तसं नव्हतं. त्यांना खरंच काहीतरी दाखवायचं होतं. त्यांनी मला पाहायला सांगितलं. गुलाबी रंगाच्या लांबट पेशींचे पट्टे दिसत होते, माशांचा थवा एकदम वळावा तसे वळलेले. कडेला बारीक, गोल, निळे-काळे ठिपके होते, खूप.

“मले पाहू द्या,” धाकटी म्हणाली. “माझंच तं हाये.”

दिरांनी तिला दंडाला धरून उठवलं. ती बराच वेळ पाहत राहिली. हे मोहरीसारखे कोण, असं तिने डोळा न काढता विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, रंग चढवला की निळ्या दिसतात. अंगात नको ते काही वाढू लागलं की त्या तिथे गोळा होतात. इतर रोग्यांच्या गाठीभोवती चार-दोन सापडतात. तुमच्या गाठीभोवती गर्दी आहे.

“मयत झालं की आंगनात मानसं जमतात नं,” ती म्हणाली, “तसं दिसून राह्यलं. कोनी बोलत नाई. उभेच हायेत.”

दिरांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मग डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं मांडलं. ज्यांच्या गाठीभोवती ही गर्दी असते ते रोगी जास्त जगत असावेत, असा त्यांना संशय होता. संशयच, खात्री नाही. खात्री करायची तर कोण किती वर्षं जगलं हे कळायला हवं, आणि लोक गावी गेले की कळवत नाहीत. म्हणून ते प्रत्येकाला पोस्टाची जवाबी कार्डं देत. एका अर्ध्यावर त्यांचे प्रश्न छापलेले: गाठ परत आली का, पाय सुजतो का, खोकला आहे का. दुसऱ्या अर्ध्यावर त्यांचा पत्ता आणि उत्तराला जागा. दर दिवाळीला एक टाकायचं.

“बाकी नाही लिहिलं तरी चालेल,” ते म्हणाले. “आहेत की नाहीत, एवढं कळवा.”

मला ही पद्धत फार पटली. अशा कामाची मला आवड आहे. पण बायकोबद्दल नवऱ्यानेच लिहिणं बरं, म्हणून कार्डं दिरांच्या ट्रंकेत राहिली.

अकोल्याला आल्यावर मी एक नियम केला. दर रविवारी धाकटीचं न्हाणं झालं की तिने खाटेवर पडायचं आणि मी व्रणावरून बोटं फिरवायची. तिला गुदगुल्या होत. “बाई, पीठ तिंबून राह्यल्या का?” असं ती म्हणे. संक्रांतीपर्यंत काही नव्हतं. संक्रांतीनंतरच्या एका रविवारी व्रणाच्या वरच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाखाली सरकलं. माझी बोटं थांबली होती, आणि ते तिला कळलं. होळीला ते बोराएवढं झालं.

अमरावतीच्या सर्जननी सांगितलं की आता पाय खुब्यातून काढावा लागेल, आणि काढूनही सांगता येत नाही. ती नाही म्हणाली. मग दीर रडले, तेव्हा बरं म्हणाली. माझ्या शाळेच्या वार्षिक परीक्षा संपल्या की मी रजा घेऊन दवाखान्यात तिच्याजवळ राहायचं ठरलं. तोवर तिने वलगावला राहावं, अमरावती तिथून जवळ. दीर तिला घेऊन गेले. जाताना त्यांनी ट्रंक नेली.

पुढचं घडलं तेव्हा मी तिथे नव्हते. जे कळलं ते नंतर कळलं. मला आधी कार्ड मिळालं.

तिसरीचा गणिताचा पेपर चालू होता. पोस्टमन आमच्या घरचं टपाल शाळेतच देई. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे मरणाचं कार्ड असंच येतं. हातात घेतानाच कळावं म्हणून. ते घरात नेत नाहीत, वाचून तिथेच फाडून टाकतात. अक्षर दिरांचं होतं. ‘माझी पत्नी आज सकाळी वारली. आपण निघून यावे.’ मी वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून ते दोनदा वाचलं आणि फाडून नालीत टाकलं. तुकडे वाहून गेले. वर्गात मुली खाली मान घालून भागाकार करत होत्या.

मला आठवतं की मी पेपर दुसऱ्या बाईंकडे सोपवला, उरलेल्या वर्गांच्या उत्तरपत्रिका बांधून दिल्या, घरी येऊन लुगड्यासकट आंघोळ केली. यजमान दौऱ्यावर होते, त्यांना तार केली. मग सामान. सासूबाईंना दमा, त्यांचं औषध. माणसं येतील म्हणून चहा आणि साखर. सवाष्ण गेली म्हणजे तेराव्याला एखादी सवाष्ण जेवू घालून तिला लुगडं नेसवावं लागेल, ते वलगावला मिळणार नाही. म्हणून स्टेशनवर जाताना वाटेत टांग्यातून उतरून एक हिरवं लुगडं, खण आणि बांगड्या घेतल्या. बदनेऱ्यापर्यंत रेल्वे, तिथून अमरावती, तिथून परतवाड्याच्या मोटारीने वलगावला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती.

अंगण झाडलेलं होतं. माणसं नव्हती. खाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या, त्या कोणी उचलल्या नव्हत्या. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली आणि धाकटीने दार उघडलं.

हातात कंदील होता. केस मोकळे, अंगावर तिचं नेहमीचं लुगडं, कपाळाला कुंकू. मी आधी तिचे पाय पाहिले. ते सरळ होते. डावा थोडा टेकून ठेवायची तशीच तिने तो टेकून ठेवला होता.

“या बाई,” ती म्हणाली. “रडल्या का?”

ती कंदील वर धरून माझा चेहरा पाहू लागली.

“खरं सांगा. रडल्या का नाई?”

“नाही,” मी म्हटलं. “सामान भरलं.”

आतून सासूबाई म्हणाल्या, “झालं.” धाकटीला मात्र हसू आलं. ती दाराला टेकून हसली आणि सासूबाईंना म्हणाली, “मी म्हनलं नव्हतं का आत्याबाई? ह्या यादी करतीन.”

चुलीपाशी तिची आई बसली होती, परतवाड्याहून दुपारीच आलेली. तिचे डोळे सुजून मिटत आले होते आणि ती भाकर खात होती. ती पुरेशी रडली होती.

मग मला सांगण्यात आलं. दोन दिवसांपूर्वी सकाळी धाकटी अंगणात मिरच्या पसरत होती. एक कावळा कौलावरून सरळ उतरला आणि तिच्या डोक्यावर बसला. उडवला तर उडेना. नखं केसांत रुतली होती. उडाला तेव्हा कानामागे ओरखडा उठला. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. कावळा डोक्यावर बसला म्हणजे ते माणूस मागितलं, असं आमच्याकडे धरतात. यावर उपाय एकच. ते माणूस मेल्याचं लांबच्या नातलगांना कळवायचं. ज्यांना कळवायचं त्यांना खरं माहीत असता कामा नये. त्यांनी खरोखर रडायला हवं. रडणं झालं की मागणं फिटलं. मग दुसरं पत्र टाकून माणूस सुखरूप असल्याचं कळवायचं. सासूबाईंनी हे सगळं एखादी भाजी कशी करतात ते सांगावं तसं सांगितलं. पाय कापायचा दिवस जवळ आलेला, त्यात कावळा. त्यांनी दिरांना अंगणातच बसवून कार्डं लिहून घेतली.

मला फार राग आला होता. पण रागावून काय करणार, ती समोर बसून माझ्या पिशवीतलं सामान काढत होती. हिरवं लुगडं निघालं. कोणासाठी, तिने विचारलं. मी सांगितलं. तिच्या आईने खाणं थांबवलं. सासूबाई म्हणाल्या, उद्या ते नदीत सोडून या.

“एवढं चांगलं लुगडं कोन सोडते?” धाकटी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी न्हाऊन तिने ते नेसलं.

सकाळी मी दिरांना समोर बसवलं. दुसरी पत्रं मीच लिहिणार होते, म्हणून कोणाकोणाला कळवलं ते विचारलं. ते बोटं मोजू लागले. परतवाडा. तिची मावशी. जिनातले मोठे कारकून. तुम्ही. मग थांबले.

“आन् डॉक्टरले,” ते म्हणाले.

मी विचारलं, कोणत्या.

“ते जवाबी कार्डं होते नं वहिनी. पत्ता छापेलच होता. माय म्हने, जितक्या जागी जाईन तितकं पक्कं.”

म्हणजे ‘आहेत की नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर गेलं होतं. नाहीत.

मी यजमानांना आणि नातलगांना पत्रं लिहून पेटीत टाकली. डॉक्टरांचं शेवटी ठेवलं, कारण तिथे नुसतं ‘सुखरूप आहे’ लिहून भागणार नव्हतं. एका शिकलेल्या माणसाला कावळ्याची हकीकत कशी लिहायची, याचा मी दुपारभर विचार केला. संध्याकाळी धाकटीला हुडहुडी भरली.

ताप असा चढला की अंगाला हात लावून ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी कानामागच्या ओरखड्यापासून लाल चट्टा पसरायला लागला. कपाळ, मग गाल. कातडी तकतकीत, आणि चट्ट्याची कड उचललेली, जणू कोणी तिच्या चेहऱ्यावर सरहद्द आखत पुढे सरकत होतं. मी सकाळी पाहिलेली कड दुपारी मागे पडलेली असे. संध्याकाळी डोळे सुजून बंद झाले. तिला ओळखता येईना. शेजारच्या बाया म्हणाल्या, धावरं आहे, अंगावर धावत सुटणारा रोग, आणि गेरू उगाळून लावला. लाल चेहऱ्यावर लाल गेरू, अंगावर ते हिरवं लुगडं. ते ती सोडू देत नव्हती.

मी म्हटलं, अमरावतीला नेऊ. बैलगाडी जोडा, आत्ता.

“तिथं तं मेली म्हनून कार्ड गेलं,” सासूबाई म्हणाल्या. “मेलेली बाई घेऊन जाशीन तं ते का म्हनतीन?”

मी म्हटलं, जे म्हणायचं ते म्हणू देत. सुई टोचून घेऊ.

“आन् मंग ते जिती हाये असं साऱ्या गावाले दिसन,” त्या म्हणाल्या. “त्याले बी दिसन.” ‘त्याले’ म्हणजे कोणाला हे त्यांनी सांगितलं नाही, पण कौलाकडे पाहिलं. दिरांनी गाडी जोडली नाही. ते अंगणात बैलांपाशी बसून राहिले. शेवटी मी गावातल्या एका माणसाला पैसे देऊन अमरावतीहून कोणी कंपाउंडर पेनिसिलिनची सुई घेऊन येईल का ते पाहायला धाडलं. तो त्या दिवशी आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बडबडायला लागली. आम्ही तिघी तिच्याजवळ होतो. बाहेर कडक ऊन होतं.

“आंगनात मानसं जमले,” ती म्हणाली. “पानी द्या त्याइले.”

तिच्या आईने विचारलं, कोन व माय?

“ते निळे. कोनी बसून नाई राह्यलं. उभेच हायेत.”

तिची आई उठून दारात गेली आणि तशीच परत आली. मीही पाहिलं. खाट, मिरच्या, दावणीला बैल. दुसरं काही नव्हतं. तरीही सासूबाईंनी तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला, आणि मी, जी या गोष्टी मानत नाही, त्यांना अडवलं नाही.

असं दोन-तीन दिवस चाललं. कंपाउंडर आला तेव्हा चेहऱ्याची लाली ओसरायला लागली होती. त्याने सुई दिली आणि श्रेय घेऊन गेला. कातडी सापाच्या कातीसारखी सुटली. केस गळले, मागाहून आले. ती उठून बसली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा नवा दिसत होता, आणि सासूबाई तिच्याकडे पाहताना पदर तोंडावर धरत.

तो रविवार होता की नाही आठवत नाही. नियम म्हणून मी तिला खाटेवर निजवलं आणि व्रणावरून बोटं फिरवली. बोराएवढी गाठ होती तिथेच होती, पण मऊ लागली, पिकून गळायला आलेल्या फळासारखी. मला भीती वाटली. पुढच्या वेळी ती लहान होती. मी दिरांना बोलावलं, त्यांनी चाचपलं. तिने स्वतः चाचपलं. पाय कापायचा दिवस आला आणि गेला, त्याबद्दल कोणी शब्द काढला नाही. पेरण्या संपल्या तेव्हा बोटाखाली नुसता व्रण लागत होता.

कावळ्याचं मागणं फिटलं, असं सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे म्हणायला दुसरं काही नव्हतं.

त्याच सुमारास डॉक्टरांचं पत्र वलगावला आलं, दिरांच्या नावे. ते मी तिला वाचून दाखवलं. त्यांनी मनापासून दुःख कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं की ज्यांच्या गाठीभोवती ती गर्दी सापडली त्यांच्यात त्यांची सगळ्यांत मोठी आशा हिच्यावर होती. एवढी गर्दी असूनही त्या वर्षभर राहिल्या नाहीत, तेव्हा आपला अंदाज बहुधा चुकीचा आहे, तो सोडून द्यावा लागेल. शेवटी एक विचारलं होतं: जाण्यापूर्वी त्यांना मोठा ताप आला होता का? जुन्या काळी परदेशात काही रोग्यांच्या अशा गाठी चेहऱ्यावर लाल चट्टे उठवणाऱ्या तापानंतर विरघळल्याचं त्यांनी वाचलं होतं, म्हणून विचारलं.

मी कागद काढला. हे लिहायलाच हवं होतं. ताप आला, लाल चट्टे उठले, गाठ विरघळली, आणि बाई समोर बसून तूर निवडते आहे.

“बाई, लिहू नका,” ती म्हणाली.

मी तिला समजावलं. ते डॉक्टर तिच्यासारख्या किती तरी जणींचा विचार करताहेत. तिच्यामुळे त्यांचा हिशेब चुकतो आहे. ते खरं सोडून खोट्याच्या मागे लागतील.

“लागू द्या. तिथं मी मेली हावो, म्हनून इथं जिती हावो. एका जागी तं मेलंच पायजे नं कोनी.”

मी म्हटलं, हा वेडेपणा आहे. तुझ्या अंगातल्या त्या पेशींनी केलं, किंवा तापाने केलं.

“असन,” ती म्हणाली. तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. “मंग लिहा. पन लिहिल्यावर आयतवारी गाठ लागली, तं माह्याकडे नका पाहू.”

मी टाक ठेवला.

त्यानंतर दर दिवाळीला विषय निघाला. विषय मी काढायची. ती नाही म्हणायची, आणि दर वेळी तिच्याजवळ नवं कारण असे. एका वर्षी दिवस गेले होते. पुढच्या वर्षी मुलगी अंगावर पीत होती. मग सासूबाई आजारी पडल्या आणि त्यांनी तिच्याकडून न कळवण्याचं वचन घेतलं. अमरावतीला कापड घ्यायला गेलो की त्या डॉक्टरांच्या गल्लीपाशी ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून घ्यायची. लाजून नव्हे. कर्जात अडकलेली माणसं सावकाराच्या पेढीसमोरून जाताना चालतात, तशी चालायची.

६३ की ६४ साली ते डॉक्टर मला बदनेरा स्टेशनवर भेटले. मी फलाटावर होते, ती मुलीला मांडीवर घेऊन डब्यात खिडकीशी बसली होती, हाताच्या अंतरावर. त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला. म्हणाले, तुमच्या जाऊबाईंचं फार वाईट झालं. तेव्हा सूक्ष्मदर्शकात पाहिलेली ती काचपट्टी अजून आहे त्यांच्याकडे. शिकायला येणाऱ्या मुलांना ते ती दाखवतात. एवढी गर्दी असली तरी माणूस वाचतंच असं नाही, हे समजावं म्हणून.

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. धाकटी खिडकीतून त्यांच्याकडे सरळ पाहत होती, पदर मागे पडलेला, चेहरा उन्हात. त्यांची नजर तिच्यावरून गेली, मुलीवर गेली, पुढे हमालावर गेली. थांबली नाही. गाडीने शिटी दिली. मी चढले.

मूर्तिजापूर गेल्यावर ती म्हणाली, “पाह्यलं नं बाई? त्याइले मी दिसलीच नाई.”

मी म्हटलं, त्यांनी तुला एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा तू आजारी होतीस. कशी ओळखणार?

“असन,” ती म्हणाली. पण मुलीला तिने अकोला येईपर्यंत खाली उतरू दिलं नाही.

आज ६७ साल. मुलगी शाळेत जाते, माझ्याच. धाकटी वलगाव-अकोला अशी ये-जा करते, डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन चालते. रविवारी अजूनही पडते आणि म्हणते, पीठ तिंबा. मी बोटं फिरवते. व्रण तेवढा लागतो. पण दर वेळी वरच्या टोकाशी आलं की माझी बोटं हळू होतात, आणि ते तिला कळतं.

डॉक्टर आता नागपूरला शिकवतात असं ऐकलं. म्हणजे ती काचपट्टी दर वर्षी नव्या मुलांपुढे जात असणार. त्यांच्याकडे एखादी बाई येत असेल, गाठीभोवती अशीच गर्दी असलेली, आणि तिला ते काय सांगत असतील, हे मी पुष्कळदा मनात आणते. मग धाकटीच्या मुलीची वेणी घालायला बसते.

या सुट्टीतली कामं केली. घराला चुना झाला. उडदाचे पापड झाले. यजमानांचा चष्मा बदलून आणला. सासूबाईंचं वर्षश्राद्ध वलगावला जाऊन उरकलं. जवाबी कार्ड पोस्टातून आणलेलं आहे, नागपूरचा पत्ता मिळवून त्यावर घातला आहे. मजकूर लिहायचा आहे.